बोटातील तार आणि मूठ: हाताच्या अस्थिभंगावरील उपचारांचा मागोवा

बोटाचे मोडलेले हाड जुळून येणे तितकेसे कठीण नसते. ते जुळेपर्यंत बोट आखडू न देणे कठीण असते, आणि हाताच्या अस्थिभंगावरील उपचारांचा इतिहास मुख्यतः या दुसऱ्या अडचणीचा इतिहास आहे. सुश्रुतसंहितेच्या चिकित्सास्थानात मोडलेले बोट समान बसवून पातळ पट्टीने वेढावे आणि त्यावर तुपाचे सिंचन करावे असे सांगितले आहे. तळहाताच्या अस्थिभंगात मात्र रोग्याच्या हाती आधी मातीचा गोळा आणि बळ येईल तसा पुढे दगड द्यावा, असाही क्रम येतो. व्यायाम हा उपचाराचाच भाग आहे, ही जाण त्यात स्वच्छ दिसते. हाडवैद्यांच्या कामट्यांनी आणि नंतरच्या प्लास्टरने हाड स्थिर ठेवले, पण त्याबरोबर सांधेही जखडले.

मुंबईच्या गिरणगावापासून लखनौच्या सरोजिनीनगरपर्यंत, जेथे १९७२ साली स्थापन झालेल्या स्कूटर्स इंडिया या सरकारी कंपनीचा कारखाना उभा राहिला, यंत्रांवर राबणाऱ्या वस्त्या जसजशा वाढल्या तसतसा हा प्रश्न रोजगाराचा झाला, कारण आखडलेल्या बोटांना ना पाना नीट धरता येतो, ना तुटलेला धागा सांधता येतो. कातडी उघडून हाड बसवावे, तर बोटाच्या हाडाला अगदी लगटून सरकणाऱ्या कंडरा, म्हणजे स्नायूची ओढ हाडापर्यंत नेणाऱ्या चिवट दोऱ्या, व्रणाला चिकटतात आणि बोट पुन्हा आखडते.

यातून वाट निघाली ती बारीक तारेची. जर्मन शल्यविशारद मार्टिन किर्शनर यांनी १९०९ साली वापरात आणलेली गुळगुळीत पोलादी तार मुळात मोठ्या हाडांना ताण देण्यासाठी होती. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात, क्ष-किरणांचे हलते चित्र पडद्यावर दाखवणारे सी-आर्म यंत्र शस्त्रक्रियागृहात आल्यावर, तीच तार हाड न उघडता, कातडीतून थेट घालणे सोपे झाले. साधारण एक मिलिमीटर जाडीची तार लहान ड्रिलने पडद्याकडे पाहत पुढे सरकवतात, तिचे टोक कातडीबाहेर वाकवून ठेवतात आणि बहुधा तीन-चार आठवड्यांनी बाह्यरुग्ण विभागातच ती ओढून काढतात. तार पक्की करण्याआधी बोटे मिटवून एक गोष्ट कटाक्षाने तपासावी लागते: सर्व बोटांची टोके मनगटाच्या अंगठ्याकडील बाजूस रोखलेली हवीत, कारण हाड किंचित पिळलेले राहिले तरी मूठ वळताना एक बोट शेजारच्या बोटावर चढते.

चेंगरलेल्या, उघड्या जखमेच्या हातासाठी मुंबईने या परंपरेत स्वतःची भर घातली. हाताचे शल्यचिकित्सक डॉ. बी. बी. जोशी यांनी विकसित केलेल्या आणि ‘जेस’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या बाह्य आधाराच्या पद्धतीत हाडातून आरपार घातलेल्या तारा छोट्या जोडखिट्ट्यांनी बाहेरच्या बारीक सळ्यांना बांधल्या जातात. त्यामुळे जखम धुता येते, मलमपट्टी करता येते आणि मोकळे सांधे हलते राहतात. साध्या, स्वस्त साहित्यावर उभी असलेली ही पद्धत भारतीय अस्थिशल्यचिकित्सेचे फार मोलाचे काम आहे, असेच म्हटले पाहिजे.

अलीकडचे पाऊल भुलीच्या बाबतीतले आहे. भुलीच्या औषधासोबत रक्तवाहिन्या आकुंचित करणारे ॲड्रेनालिन बोटात टोचल्यास बोट मरते हा समज अनेक दशके टिकला, कॅनडातील डॉ. डोनाल्ड लालोंड आणि सहकाऱ्यांनी २००५ साली ३,११० रुग्णांची नोंद मांडून त्याचा पाया काढून घेतला. तेव्हापासून रुग्णाला जागे ठेवून, दंडाला रक्त रोखणारा पट्टा न बांधता शस्त्रक्रिया करण्याची रीत पसरली, आणि तार घातल्यावर रुग्ण टेबलावरच मूठ वळून दाखवू लागला.

कायद्याची मोजणी मात्र तुटलेल्या बोटाचीच राहिली. १९२३च्या कामगार भरपाई कायद्याच्या सुधारित अनुसूचीत अंगठा गेल्यास कमाईची क्षमता ३० टक्के, पूर्ण तर्जनी गेल्यास १४ टक्के आणि करंगळी गेल्यास ७ टक्के घटली असे धरले होते. हाड जुळूनही अर्धवट आखडलेल्या बोटाला त्या यादीत आकडा नव्हता, त्याचे मोल डॉक्टरच्या मतावर सोडलेले होते.