मतपेटीचा नमुना

निवडणुकांचा इतिहास लिहिणारे पुढाऱ्यांची भाषणे नोंदवितात, पक्षांच्या बेरजा-वजाबाक्या मांडतात. ज्या पेटीत लोकांनी आपले मत टाकले, तिच्याकडे फारसे कोणी वळून पाहत नाही. बडनेऱ्याला मुलांना इतिहास शिकविणारा मी एक साधा मास्तर. निवडणुकीचे काम मास्तरांच्या पाचवीलाच पुजलेले, म्हणून या पेटीविषयी मला थोडा घरोबा वाटतो.

स्वतंत्र भारताची पहिली सार्वत्रिक निवडणूक २५ ऑक्टोबर १९५१ ला सुरू झाली आणि २१ फेब्रुवारी १९५२ ला संपली. मतदार सतरा कोटींवर. आणि १९५१ च्या शिरगणतीप्रमाणे शंभरांत साक्षर जेमतेम अठरा! तेव्हा युक्ती अशी काढली, की प्रत्येक उमेदवाराची पेटी वेगळी ठेवावी, तिच्यावर त्याचे चिन्ह लावावे, आणि मतदाराने मतपत्रिकेवर कसलीही खूण न करता ती हव्या त्या पेटीत टाकावी. जितके उमेदवार तितक्या पेट्या! मुख्य निवडणूक आयुक्त सुकुमार सेन यांना देशभर वीस लाखांवर पोलादी पेट्या जमवाव्या लागल्या.

त्यांतल्या १२ लाख ८३ हजार विक्रोळीच्या गोदरेज कारखान्यात तयार झाल्या. विक्रोळी आणि आमचे बडनेरा एकाच लोहमार्गावरची. गोदरेज कंपनी १९२३ पासून पोलादी कपाटे करणारी. पण कपाटाचा धर्म वेगळा, मतपेटीचा वेगळा. कपाट धन्याने रोज उघडायचे. मतपेटी एकदा मिटली की मोजणीपर्यंत कोणीच उघडायची नाही. कागद आत जावा, पण त्याच वाटेने बाहेर येऊ नये. शिवाय बैलगाडीतले धक्के सोसावेत, आणि किंमतही बेताची असावी.

घोडे अडले कुलपापाशी. बाहेरून कुलूप लावावे तर लाखो कुलपांचा खर्च परवडेना. तेव्हा नाथालाल पांचाळ नावाच्या तिथल्याच एका कामगाराने पेटीच्या आत बसणारी कळ सुचविली, असे सांगतात. रोज पत्रा हाताळणाऱ्या हाताला ती वाट दिसली. मग चार महिन्यांच्या आत पेट्यांचे काम उरकले.

हे नुसते सांगून मुलांना पटत नाही. म्हणून मी वर्गात पुठ्ठ्याची मतपेटी करावयास लावतो. कागदावरचे चित्र नेहमीच निर्दोष असते. खरी परीक्षा पुठ्ठा कापल्यावर सुरू होते. खाच रुंद झाली तर पेटी उलटी करताच चिठ्ठ्या भुईवर, अरुंद झाली तर घडीचा कागद अडतो. मुले हसतात, भांडतात, खाचेच्या आत पुठ्ठ्याची पडदी चिकटवितात. तिसऱ्या-चौथ्या नमुन्याला पेटी साधते. कपाट असो, खुर्ची असो की मतपेटी, छोटा नमुना हाती घेऊन उलटापालटा केल्यावाचून वस्तूचे खरे दोष कळत नाहीत.

त्या निवडणुकीत आमचा वऱ्हाड मध्यप्रदेशात होता. अमरावतीतून डॉ. पंजाबराव देशमुख लोकसभेवर गेले आणि देशाचे कृषिमंत्री झाले. पुढे १९६२ च्या निवडणुकीपासून एकाच पेटीत शिक्का मारलेली पत्रिका पडू लागली, आणि आता तर यंत्रच आले. पण ज्या शेतमजुराला अक्षर ओळखता येत नव्हते, त्याने १९५२ साली एका पत्र्याच्या पेटीवर भरवसा टाकला, आणि आपली चिठ्ठी आत गेली ती सुरक्षित राहील असे मानून तो घरी परतला. त्या भरवशाला पेटी पात्र ठरावी म्हणून कुणीतरी आधी पत्र्याशी झटापट केली होती, एवढे मुलांच्या ध्यानी राहिले तरी माझा तास सार्थकी लागला.