परभणी क्रांति : एका भेंडीचा इतिहास

बाजारांत भेंडी घेणारी गृहिणी शेंडा मोडून पाहते. कट्कन मोडला तर भेंडी कोंवळी. तिच्या कुळाची चौकशी कोण करतो? परंतु परभणीच्या एका भेंडीचें कूळ चौकशी करण्याजोगें आहे.

भेंडीचा जुना वैरी म्हणजे हळद्या रोग. कोणी त्यास केवडा म्हणतात. प्रथम पानांच्या शिरा पिवळ्या पडतात, मग सबंध पान, आणि अखेर फळहि फिकट व राठ निघतें. मुंबई इलाख्यांत त्याची नोंद १९२४ सालीं कुलकर्णी यांनीं केली. रोगाचा विषाणु पांढरी माशी झाडोझाडीं नेते. फवारणीनें माशी मरेल. लागलेलें झाड मात्र सुधारत नाहीं. दिल्लीची 'पुसा सावनी' ही जात कांहीं काळ तगून राहिली, पुढें तीहि बळी पडली.

परभणीस १८ मे १९७२ रोजीं मराठवाडा कृषि विद्यापीठ स्थापन झालें. तेथील जांभळे व नेरकर यांनीं भेंडीच्या भाऊबंदांत शोध घेतला. ॲबेलमॉस्कस मॅनिहॉट या चुलत जातींत प्रतिकारशक्ति होती. ती भेंडींत आणावयाची कशी, हाच पेंच होता. भेंडीचें फूल सकाळीं उमलतें व त्याच दिवशीं मावळतें. म्हणून आदल्या सायंकाळीं कळींतील पुंकेसर चिमट्यानें काढावयाचे, कळी झांकावयाची, आणि सकाळीं दुसऱ्या जातीचा पराग लावावयाचा. हें काम नाजूक खरें, पण त्याहून कठीण पुढचें. दोन्ही जातींचीं गुणसूत्रें संख्येनें जुळत नाहींत. संकर बहुतांशीं वांझ निघतो. म्हणून त्याचा भेंडीशीं पुन्हां संयोग घडवून पिढ्यान्‌पिढ्या निवड करावी लागते. प्रयोगशाळेंतील यीस्टची पिढी दीड-दोन तासांत होते; भेंडीच्या प्रत्येक पिढीस मात्र बियांपासून बियांपर्यंत थांबावें लागतें.

रोगट व निरोगी झाडें मोजतां मेंडेलचा नियमच प्रत्ययास आला. हा प्रतिकार एकाच प्रभावी जनुकाच्या हातीं असल्याचें या दोघांनीं १९८१ सालीं प्रसिद्ध केलें. पुसा सावनी व मॅनिहॉट यांच्या संकरांतून निवडलेली 'परभणी क्रांति' १९८६ सालीं अमेरिकेच्या 'हॉर्टसायन्स' नियतकालिकांत जगापुढें आली.

विषाणुहि स्वस्थ बसत नाहीं. पुढें कांहीं भागांत या जातीवरहि हळद्या दिसूं लागला, आणि पैदासकारांना नव्या प्रतिकाराच्या शोधासाठीं पुन्हां भेंडीच्या रानटी भाऊबंदांकडे वळावें लागलें.