वन्स मोअर : एका उसन्या हाकेची कुळकथा

मराठी नाटकवाल्यांच्या तोंडी ‘वन्स मोअर’ला अगदी रोखीच्या व्यवहाराची क्रियापदं लागतात. प्रेक्षक वन्स मोअर देतात, नट तो घेतो, एखाद्या पदाला तीन-तीन मिळतात. आणि जुन्या रसिकांच्या गप्पा रंगल्या की कोणी एका रात्रीत किती घेतले याचा हिशेब निघतो.

गेल्या हिवाळ्यात नाट्यसंगीताच्या एका कार्यक्रमात हा व्यवहार मी जवळून पाहिला. पद संपलं, टाळ्या झाल्या, आणि दुसऱ्या रांगेतल्या टोपीवाल्या आजोबांनी खुर्चीच्या हातावर तळवा आपटत हाक दिली, ‘‘वन्स मोअर!’’ गायिकेने ऑर्गनकडे नुसतं पाहिलं. ऑर्गनवाल्याने सूर सोडलेलाच नव्हता. त्याला आजोबा ठाऊक असावेत. पद पुन्हा सुरू झालं. माझी भाची कानाशी लागली, ‘‘मामा, गाणं मराठी, आजोबा मराठी. मग हे इंग्रजीत का ओरडतात?’’

प्रश्न रास्त होता. पण खरी गंमत पुढे आहे. असल्या प्रसंगी इंग्रज स्वतःही इंग्रजीत ओरडत नाही. लंडनच्या थिएटरातली रूढ हाक ‘ऑन्कोर’, आणि तो शब्द फ्रेंच. फ्रेंचमध्ये त्याचा अर्थ ‘आणखी, पुन्हा’. त्याच्या पोटात लॅटिन ‘होरा’ म्हणजे घटका दडलेली आहे, असं बहुतेक कोशकार मानतात. आपल्या ज्योतिषातला होरासुद्धा ग्रीकांकडून आलेला, त्याच कुळातला. तेव्हा आजोबांची हाक आणि जोशीबुवांचा होरा यांचं लांबचं नातं लागतं.

इंग्रजांना ही सवय लागली ती इटालियन ऑपेरामुळे. अठराव्या शतकाच्या पहिल्या दशकात लंडनच्या हेमार्केट थिएटरात इटालियन गवई उतरले आणि तिथला शिष्ट समाज भाषा न कळताही त्यांच्यावर लुब्ध झाला. ॲडिसन आणि स्टील यांच्या ‘स्पेक्टेटर’ या दैनिकाने या वेडाची भरपूर टिंगल केली. 29 फेब्रुवारी 1712 च्या अंकात एका शूर सद्गृहस्थाचं तक्रारपत्र आहे. गाणं आवडलं की लोक ‘ऑन्कोर’ किंवा ‘आल्त्रो व्होल्तो’ असं ओरडतात आणि गायक ते पुन्हा म्हणतो, ही पद्धत गृहस्थाने हेरलेली. ‘हायडॅस्पीस’ या ऑपेरात निकोलिनी हा नामांकित गवई रंगमंचावर सिंहाशी झुंजून त्याला ठार करी. गृहस्थांना गाण्यापेक्षा ती झुंजच जास्त आवडली. त्यांनी खड्या आवाजात ‘आल्त्रो व्होल्तो’ची फर्माईश केली. आयुष्यातला हा जेमतेम तिसरा ऑपेरा असूनही आपले उच्चार बरे होते, असा मित्रांचा दाखलाही ते देतात. पण कोणी दाद दिली नाही. सिंहाला उचलून आत नेलं, आणि तो त्या रात्री पुन्हा काही मेला नाही.

या थट्टेत एक चोरकप्पा आहे. ‘आणखी एकदा’ला इटालियन शब्द आहे ‘आल्त्रा व्होल्ता’. ‘आल्त्रो व्होल्तो’ म्हणजे ‘दुसरा चेहरा’. उच्चारांची फुशारकी मारणाऱ्याने शब्दच चुकीचा उचलला होता. उसन्या हाकेचं मर्म इथे सापडतं. ती गायकासाठी असते तितकीच शेजारच्या खुर्चीसाठीही असते. ‘मला यातलं कळतं’ हे चार लोकांत जाहीर करायला परका शब्द फार सोयीचा.

‘ब्राव्हो’चंही तेच झालं. हाही ऑपेराबरोबर इटलीहून आला. इटालियन माणूस गायकाला ‘ब्राव्हो’, गायिकेला ‘ब्राव्हा’ आणि सगळ्यांना मिळून ‘ब्राव्ही’ म्हणतो. इंग्रजांनी लिंगवचनाची भानगड ठेवली नाही, सरसकट ब्राव्हो. शिवाय जुन्या इटलीत ब्राव्हो म्हणजे पैसे घेऊन मुडदे पाडणारा भाडोत्री गुंडही.

मग ज्यांच्याकडून ‘ऑन्कोर’ घेतला ते फ्रेंच तरी तोच शब्द ओरडत असतील? नाही. पॅरिसमधली जुनी हाक ‘बिस’, आणि ती लॅटिन. ‘बिस’ म्हणजे दोनदा, आपल्या संस्कृत ‘द्विः’चा सख्खा चुलतभाऊ. इटलीतही ‘बिस’च. जर्मन तेवढे घरचा ‘त्सुगाबे’ वापरतात. त्याचा अर्थ वरकड, भाजीवाल्याकडून वर मागून घेतलेली कोथिंबीर म्हणा ना.

हाक कुठलीही असो, तिने वेळापत्रकाचा बोऱ्या वाजवला. 1786 च्या मे महिन्यात व्हिएन्नात मोझार्टच्या ‘फिगारो’चे पहिले प्रयोग झाले. मोझार्टच्या वडिलांनी मुलीला कळवलं, की दुसऱ्या प्रयोगात पाच आणि तिसऱ्यात सात गाणी पुन्हा म्हणावी लागली, एक छोटं युगुलगीत तर तीनदा. सम्राट दुसऱ्या जोसेफने फर्मान काढलं : एकट्याचं गाणं हवं तर पुन्हा म्हणा, एकाहून अधिक गळ्यांचं नाही. मिलानच्या ला स्काला थिएटरात तर पुनरावृत्तीवर कित्येक दशकं बंदीच होती. ती 2007 साली हुआन दिएगो फ्लोरेस या पेरूच्या गायकाने मोडली, तीही वरच्या षड्जाची नऊ शिखरं असलेल्या गाण्याने.

आपल्याकडे या हाकेला खरं रान मिळालं संगीत नाटकात. 31 ऑक्टोबर 1880 रोजी पुण्यात अण्णासाहेब किर्लोस्करांचं ‘शाकुंतल’ रंगभूमीवर आलं आणि नाटकातलं पद घरोघर पोचलं. समोर बसलेल्यांत शेक्सपिअर शिकून आलेली, सभेत इंग्रजीतून भाषणं ठोकणारी मंडळी होती. त्यांच्या तोंडी ‘पुन्हा म्हणा’ येणं कठीणच, पण साहेबाचा ‘ऑन्कोर’ही टिकला नाही. त्यांनी त्याचा सरळ अर्थ घेतला आणि ‘वन्स मोअर’ केला. पुढे हाक पहिल्या रांगेतून पिटात गेली, इंग्रजीचा गंध नसलेल्यांच्या तोंडी बसली आणि मराठी झाली. बालगंधर्वांच्या काळात तर नाटकाची रात्र तिच्यावरच लांबे. तेच पद ते दर खेपेला नव्या हरकतींनी सजवत, म्हणून मागणाऱ्याला पुन्हा मागावंसं वाटे. मरताना गायलेल्या पदाला वन्स मोअर मिळाला की मेलेलं पात्र उठून पुन्हा गातं, यावर विनोद झाले. हेमार्केटच्या सिंहाला जे जमलं नाही, ते आमच्या नटांनी करून दाखवलं.

इंग्रजी येण्याआधी तरी आपण घरच्या शब्दात कौतुक करत होतो का? ‘शाबास’ फारसी, मूळ ‘शाद बाश’, आनंदी राहा. ‘वाहवा’ही त्याच वाटेने आलेला. ‘दाद’ म्हणजे फारसीत न्याय. म्हणून कोर्टात दाद मागतात आणि मैफलीत दाद देतात. मुशायऱ्यातला वन्स मोअर म्हणजे ‘मुकर्रर’, अरबी शब्द, अर्थ ‘पुन्हा’. (ठरवणे या अर्थाचा आपला ‘मुक्रर’ वेगळा, अरबीत त्याचा ‘क’ दुसरा.) त्याच ‘मुकर्रर’च्या धातूपासून निघालेला ‘तकरार’ म्हणजे तेच ते पुन्हा म्हणणं. मराठीत येता येता त्याची तक्रार झाली.

त्या संध्याकाळी आजोबांनी त्याच पदाला तिसरा वन्स मोअर दिला. गायिकेने हसून हात जोडले, ऑर्गनवाल्याने घड्याळाकडे बोट केलं. दहाला नाट्यगृह रिकामं करायचं होतं. बाहेर पडताना जिन्यात आजोबा आमच्या पुढेच होते. ‘‘आमच्या वेळी पहाट व्हायची,’’ ते कुणालाच उद्देशून न म्हणता म्हणाले. मधल्या वळणावर पुन्हा म्हणाले. चपला पायात सरकवताना तिसऱ्यांदा.

भाची म्हणाली, ‘‘यांची काय तक्रार आहे?’’

मी म्हटलं, ‘‘अरबी अर्थाने म्हणशील, तर बरोबर हीच.’’