आजीची रोझरी, आईची मिस्सा आणि पोराचे प्रश्न

गेल्या रविवारी आमच्या घरात वाजलं. बारावीतला मुलगा म्हणाला, "मी मिस्साला येत नाही." माझी आई भडकली. "चर्च सोडलंस म्हणजे देव सोडलास!" त्यावर हा म्हणतो, "आजी, देव आणि चर्च एकच असतं का?" दिवसभर दोघांचा अबोला. मी मधल्या मध्ये.

रात्री विचार करत बसलो. हा प्रश्न काय आमच्याच घरातला आहे? वसईच्या मातीत तो चारशे वर्षांपासून आहे.

१५३४ साली गुजरातच्या बहादूरशहाने वसई पोर्तुगिजांना दिली. इथे चर्च आलं ते सत्तेबरोबर आलं, ही गोष्ट लपवण्यात अर्थ नाही. १७३९ साली चिमाजी अप्पांनी किल्ला जिंकला आणि पोर्तुगीज गेले. पण गावातला ख्रिस्ती माणूस कुठे गेला नाही. राजा गेल्यावरही तो गुडघे टेकतच राहिला. म्हणजे तोवर श्रद्धा त्याची स्वतःची झाली होती.

आपल्या वसईचे संत गोन्सालो गार्सिया आठवा. लहानपण जेज्विट फादरांच्या सहवासात गेलं, त्यांच्यासोबत ते जपानला गेले, धर्मशिक्षण दिलं. त्यांच्या संघात जायची फार इच्छा होती, पण घेतलं नाही. मग माणसाने व्यापार केला. पुढे मनिलाला जाऊन फ्रान्सिस्कन संघात ब्रदर झाले. ५ फेब्रुवारी १५९७ ला नागासाकीत क्रुसावर हुतात्मा झाले. १८६२ मध्ये संतपद मिळालं. आपण त्यांचा सण करतो, मिरवणूक काढतो. पण चर्चच्याच एका दारातून हा माणूस नकार घेऊन परतला होता, हे पोरांना कोण सांगतं? ते रुसून बसले नाहीत, दुसरं दार ठोठावलं.

आता जवळचा काळ. माझ्या आजीच्या तरुणपणी मिस्सा लॅटिनमध्ये असे. फादरांचं तोंड वेदीकडे, पाठ लोकांकडे. आजीला एक शब्द कळत नसे. ती आपली रोझरीचे मणी ओढत बसे. चर्च म्हणजे तिच्यासाठी आईची मांडी. मांडीला कोणी प्रश्न विचारतं का?

१९६२ ते १९६५ या काळात रोममध्ये दुसरी व्हॅटिकन परिषद झाली. त्यानंतर मिस्सा मराठीत आली, फादर लोकांकडे वळले. चर्च म्हणजे फक्त बिशप आणि फादर नव्हे, तर सगळी देवाची प्रजा, हा विचार पुढे आला. माझी आई या चर्चमध्ये वाढली. तिला शब्द कळले, गाणी पाठ झाली.

मग हरित वसईचा लढा आला. फादर फ्रान्सिस दिब्रिटो रस्त्यावर उतरले. आमच्या आळीत तेव्हा दोन तट होते. एक म्हणे, फादरांनी वेदी सांभाळावी, पाणी-जमिनीच्या भानगडीत पडू नये. दुसरा म्हणे, आज पहिल्यांदा चर्च आपलं वाटलं. चर्च तेच, फादर तेच, बघणारे डोळे वेगळे.

फ्रिडरिश फॉन ह्यूगल नावाचे एक कॅथलिक विचारवंत इंग्लंडमध्ये होऊन गेले. १९०८ च्या आपल्या ग्रंथात त्यांनी धर्माची तीन अंगं सांगितली: संस्था, बुद्धी आणि अंतरीचा अनुभव. बालपणी आपण घरच्यांनी दिलेलं घेतो, तरुणपणी प्रश्न विचारतो, पिकल्यावर आतून शोधतो. पण त्यांचा खरा मुद्दा पुढे आहे. तिन्ही अंगं एकमेकांना हवीत. नुसती संस्था राहिली तर सवय उरते. नुसते प्रश्न राहिले तर कोरडेपणा येतो. नुसता अनुभव राहिला तर माणूस भरकटतो.

म्हणून ही शिडी नव्हे. प्रश्न विचारणारा वरच्या पायरीवर आणि रोझरी ओढणारी आजी खालच्या, असं मुळीच नाही. आजी घरातली दोन मरणं पचवून शांत होती. ते बळ तिला कुठून आलं, हे माझ्या डिप्लोमाला अजून कळलेलं नाही.

अडचण एवढीच की प्रत्येकाला आपल्या पायरीवरून दिसणारं चर्च हेच खरं वाटतं. म्हातारे म्हणतात पोरं बिघडली. पोरं म्हणतात म्हातारे आंधळे. पोप फ्रान्सिस यांनी २०२१ मध्ये सिनॉड सुरू केली तेव्हा जगभरच्या धर्मप्रांतांना सांगितलं होतं, आधी लोकांचं ऐका. ते ऐकणं घराच्या ओट्यावर आलं का?

प्रश्न विचारणारं पोर अजून दारात उभं असतं. त्याला गप्प केलं की ते भांडत नाही, निमूट निघून जातं. मग सणाला फक्त जेवायला येतं.

सोमवारी सकाळी मी आईला गोन्सालोंच्या नकाराची गोष्ट सांगितली. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग नातवाला हाक मारली, "ये रे, चहा घे. काय विचारत होतास काल?"

तुमच्या घरात काय चाललंय? लिहा. भांडू नका, एवढंच.