शुद्धिहारके व नवजात मेंदू

नवजात प्राण्याच्या मेंदूत शुद्धिहारक औषधाचे होणारे वितरण व त्याचे परिणाम यांच्या अभ्यासाचा इतिहास. हान्स मायर (१८९९) व अर्न्स्ट ओव्हर्टन (१९०१) यांनी स्वतंत्रपणे असे दाखविले की, शुद्धिहारकाची शक्ती त्याच्या मेदविद्राव्यतेशी निगडित असते. १९५० मध्ये बर्नार्ड ब्रोडी व त्यांच्या सहकाऱ्यांनी थायोपेंटोनाच्या अल्पकालीन प्रभावाचे कारण दाखवून दिले : औषधाचे विघटन मंद असते, मेंदूतून इतर ऊतकांत त्याचे पुनर्वितरण झाल्याने शुद्ध परत येते. नवजातात स्नायू व मेद ही साठवणीची ऊतके अल्प असतात. मेंदू मात्र शरीराच्या मानाने मोठा, अधिक जलयुक्त व मायेलिनाचे आवरण अपुरे असलेला असतो. म्हणून प्रौढाची मात्रा केवळ वजनाच्या प्रमाणात घटवून भागत नाही.

नवजातास वेदना जाणवत नाहीत वा औषध सोसत नाही, या समजुतींमुळे विसाव्या शतकाच्या उत्तरार्धातही अनेक अर्भकांवर अपुऱ्या शुद्धिहरणाखाली शस्त्रक्रिया होत. फेंटॅनिलामुळे अकालजात अर्भकांतील शस्त्रक्रियाजन्य ताण घटतो, हे कन्वलजीत आनंद व सहकाऱ्यांनी १९८७ मध्ये सिद्ध केले. याउलट, २००३ मध्ये उंदरांच्या ७ दिवसांच्या पिलांना ६ तास मिश्र शुद्धिहारके दिली असता तंत्रिका कोशिकांचा व्यापक नाश होऊन पुढे शिकण्याची क्षमता घटल्याचे आढळले. ७२२ अर्भकांचा समावेश असलेल्या चाचणीत (२०१९) मात्र तासाभराहून कमी शुद्धिहरणाचा पाचव्या वर्षीच्या बुद्ध्यंकावर परिणाम दिसला नाही. दीर्घ वा वारंवार शुद्धिहरणास हा निष्कर्ष लागू होत नाही. तथापि आवश्यक शस्त्रक्रियेत वेदना तशीच राहू देणे हेही अर्भकास अपायकारकच ठरते.