आजीचा आवाज आणि इजेक्टचं बटण

अंधेरी स्टेशनबाहेरच्या मोबाइलच्या दुकानांत पूर्वी पैसे देऊन मेमरी कार्डात गाणी भरून मिळायची. कॉलेजात असताना ट्रेन चुकेल म्हणून मी कॉपी चालू असतानाच कार्ड ओढून काढलं. कार्ड जळलं नाही. पण त्यातली आजीच्या आवाजाची फाइल दिसेना.

कार्ड का वाचलं, ते इंजिनीअर झाल्यावर कळलं. चालू यंत्रातून कार्ड काढण्याला ‘हॉट स्वॅप’ म्हणतात. त्यासाठी 1990 च्या पीसीएमसीआयए कार्डांत पिना कमीजास्त लांबीच्या ठेवल्या : आत जाताना वीज आधी जोडली जाते, डेटा नंतर; बाहेर येताना उलट. 1999 मध्ये सँडिस्क, तोशिबा आणि मात्सुशिता यांनी आणलेल्या एसडी कार्डातही वीज आधीच जोडली जाते.

फाइलींची नोंद ठेवणारी ‘फॅट’ पद्धत मात्र 1977 ची, फ्लॉपीच्या जमान्यातली. ही नोंद अर्धवट राहिली, की फाइल असूनही सापडत नाही. ‘इजेक्ट’ दाबल्यावर कॉम्प्युटर उरलेलं लिहून घेतो आणि मग कार्ड सोडतो.

म्हणजे आजीचा आवाज बहुधा कार्डातच होता. मी ते फॉरमॅट करून पुन्हा गाणी भरून घेतली.