बंदीचा कागद आणि रुग्णालयाची खाट : जबलपूरच्या सदरचा एक अध्याय

मराठीत सदर म्हटले की वाड्याची सदर डोळ्यांसमोर येते. जेथे बसून कारभार चालतो ती जागा. छावणीच्या भाषेत मात्र सदर म्हणजे सदर बाजार, पलटणींच्या लहान बाजारांहून वेगळा असा छावणीचा मुख्य बाजार. जबलपूरचे सदर या दुसऱ्या अर्थाचे आहे. पेंटीनाक्याच्या बाजूने आत शिरले की क्रमांकांनी ओळखल्या जाणाऱ्या गल्ल्या लागतात, कापडाची व किराण्याची दुकाने लागतात, इंडियन कॉफी हाऊस लागते. जुन्या शहराला वाढत जाण्याची सवय असते. छावणीच्या बाजाराला आखून दिलेल्या रेषेत राहण्याची. मार्च २०२० पासून पुढचे सव्वा वर्ष या वस्तीने जे अनुभवले ते भारतातील शेकडो वस्त्यांनी अनुभवले. तरीही प्रशासनाच्या अभ्यासकाने सदरकडे मुद्दाम पाहावे असे मला वाटते, कारण ही वस्ती ज्या विचारातून घडली तो विचारच मुळात रोगाच्या भीतीचा व अंतर राखण्याचा होता.

जबलपूरशी मराठी माणसाचा संबंध इंग्रजांच्या आधीचा. १७८१ मध्ये सागरच्या मराठ्यांनी गढा-मंडला जिंकले, १७९८ मध्ये हा मुलूख नागपूरकर भोसल्यांकडे गेला आणि डिसेंबर १८१७ मध्ये तो इंग्रजांच्या हाती पडला. त्यानंतर येथे छावणी वसली. छावणीचे आजचे रूप समजण्यासाठी १८६३ साल महत्त्वाचे आहे. हिंदुस्थानातील गोऱ्या सैन्याच्या आरोग्याची चौकशी करणाऱ्या शाही आयोगाने त्या वर्षी अहवाल दिला. दर हजारी ६९ गोरे सैनिक दरवर्षी मरतात असे त्यात नमूद होते, आणि त्यातले बहुतेक रणांगणावर नव्हे तर पटकी, हगवण, हिवताप व यकृताचे विकार यांनी मरत होते. पुढच्याच वर्षी, १८६४ मध्ये, लष्करी छावण्यांचा कायदा आला. बराकी दूर दूर असाव्यात, सांडपाण्याची व्यवस्था असावी, बाजारात कोण राहतो व काय विकतो यावर अधिकाऱ्याची नजर असावी, ही सारी व्यवस्था त्यातून आली. सदर बाजार छावणीला हवा होता, पण हाताच्या अंतरावर. दूध, मांस, धोबी, शिंपी यांच्यावाचून सैन्याचे भागत नव्हते आणि रोग त्यांच्याच वाटेने येतो अशी समजूत होती.

दुसरा कागद १८९७ चा. सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईत मांडवीला प्लेग उघडकीस आला आणि पाच महिन्यांत, ४ फेब्रुवारी १८९७ रोजी, साथरोग कायदा संमत झाला. पुण्यात त्याच्या अंमलबजावणीचे काय झाले ते मराठी वाचकाला सांगायला नको. कायदा मात्र मुळातून वाचण्यासारखा आहे. एवढ्या मोठ्या देशाला पुरून उरलेला हा कायदा अवघ्या चार कलमांचा होता. प्रवाशांची तपासणी करावी, संशयितांना वेगळे ठेवावे, आज्ञा मोडणाऱ्यास शिक्षा द्यावी, सद्भावनेने काम करणाऱ्या अधिकाऱ्यावर दावा चालू नये, हे त्यात आहे. रुग्णालयाचा उल्लेखही आहे, पण माणसाला वेगळे ठेवण्याची जागा म्हणून. त्याला बरे करण्याची जागा म्हणून नव्हे. खाटा किती असाव्यात, वैद्य कोणी पुरवावेत, याबद्दल कायदा मौन बाळगतो. १९१८ च्या इन्फ्लुएंझात मध्यप्रांत व वऱ्हाड हा देशातील सर्वाधिक होरपळलेल्या प्रांतांपैकी एक होता, आणि १९११ ते १९२१ हे जनगणनेच्या इतिहासातील भारताची लोकसंख्या घटलेले एकमेव दशक ठरले. त्यानंतरही कायद्याचा हा गाभा कोणी बदलला नाही.

२० मार्च २०२० रोजी मध्यप्रदेशातील पहिले चार कोरोनारुग्ण सापडले ते जबलपुरात. चौघेही परदेशांतून परतलेले. त्याच दिवशी भोपाळमध्ये मुख्यमंत्री कमलनाथ यांनी राजीनामा दिला. २३ मार्चच्या रात्री शिवराजसिंह चौहान यांचा शपथविधी झाला आणि त्यानंतर २१ एप्रिलपर्यंत राज्यात मुख्यमंत्र्यांखेरीज दुसरा मंत्री नव्हता. अर्थात स्वतंत्र आरोग्यमंत्रीही नव्हता. राजकारणाची बाजू माझ्या विषयाबाहेरची आहे. प्रशासनाच्या दृष्टीने एवढेच पाहण्यासारखे आहे की या महिन्यात राज्य थांबले नाही. जिल्हाधिकाऱ्याच्या हाती १८९७ चा कायदा होता, फौजदारी प्रक्रिया संहितेचे कलम १४४ होते, २००५ चा आपत्ती व्यवस्थापन कायदा होता आणि आज्ञाभंगासाठी दंड संहितेचे कलम १८८ होते. केंद्राची टाळेबंदी २५ मार्चला सुरू झाली; जबलपुरात निर्बंध त्याआधीच लागले होते. बंदी घालण्याचे यंत्र शंभर-सव्वाशे वर्षे तेलपाणी केलेले होते. ते पहिल्या दिवशीच चालले.

सदरमध्ये या यंत्राला आणखी एक पदर होता. छावणीचा नागरी कारभार २००६ च्या कॅन्टोन्मेंट कायद्याने चालतो. बोर्डाचा अध्यक्ष लष्करी अधिकारी, मुख्य कार्यकारी अधिकारी केंद्रीय सेवेतला, आणि संचारबंदीचा हुकूम मात्र राज्याच्या जिल्हाधिकाऱ्याचा. रस्त्याची एक बाजू बोर्डाची व दुसरी महापालिकेची असली तर निर्जंतुकीकरण कोणी करायचे, कचरा कोणी उचलायचा, बाधित घराचा फलक कोणी लावायचा, हे प्रश्न कागदावर किरकोळ वाटतात. साथीत ते तसे राहत नाहीत. सैनिक व माजी सैनिकांना लष्करी रुग्णालय. बाजारातील शिंप्याला व हमालाला बोर्डाचा दवाखाना, नाहीतर शहर. २०११ च्या जनगणनेत जबलपूर छावणीची वस्ती सत्तर हजारांहून अधिक होती. ती सारी गणवेशातली नव्हे.

दैनंदिन जीवनाबद्दल फार लिहीत नाही, कारण वाचकांपैकी प्रत्येकाने ते आपापल्या गावी भोगले आहे: दुकानासमोरचे चुन्याचे गोल, सकाळची दुधाची घाई, मग दिवसभर रिकामा रस्ता. पण एक फरक नोंदवण्यासारखा आहे. छावणीच्या बाजाराचे गिऱ्हाईक दोन प्रकारचे. एक पगारी, म्हणजे लष्कर, आयुध निर्माणी, रेल्वे, न्यायालय; दुसरे त्या पगारावर जगणारे. पहिल्याचे वेतन टाळेबंदीत चालू राहिले, त्याचा खर्च मात्र थांबला. दुसऱ्याचे उत्पन्न म्हणजे पहिल्याचा तोच खर्च. अर्थशास्त्राच्या पहिल्या वर्षात हे समीकरण शिकवतात. सदरच्या गल्लीत त्याचा अर्थ असा झाला की एकाच भिंतीच्या अलीकडे बचत वाढत होती आणि पलीकडे उधारी.

बंदीचा खरा भार कोणावर पडला हे मात्र सदरमध्ये नव्हे, रेल्वेमार्गावर दिसले. २२ मार्चपासून प्रवासी गाड्या बंद झाल्या. १ मेपासून श्रमिक गाड्या सुरू झाल्या, पण त्यांत जागा मिळणे ही वेगळीच परीक्षा होती. जालन्याच्या पोलाद कारखान्यात काम करणारे शहडोल व उमरिया जिल्ह्यांतील मजूर भुसावळला गाडी मिळेल या आशेने रुळांवरून चालत निघाले. ८ मे २०२० च्या पहाटे तत्कालीन औरंगाबाद जिल्ह्यात करमाडजवळ ते थकून रुळांवरच झोपले. प्रवासी गाड्या बंद होत्या. मालगाड्या चालू होत्या. सोळा जण गेले. त्यांचे मृतदेह खास गाडीने जबलपूरला आणून पुढे त्यांच्या जिल्ह्यांत पाठवण्यात आले. जिवंतपणी ज्यांना या मार्गावर गाडी मिळाली नाही त्यांना मेल्यावर चोवीस-तीस तासांत मिळाली. यावर अधिक भाष्य मी करू इच्छित नाही.

टाळेबंदी हा रोगावरचा इलाज नव्हे. ती वेळ विकत घेण्याची पद्धत आहे. किंमत कोणी मोजली ते वर आले. त्या वेळेत काय उभे राहिले हे पाहणे म्हणून महत्त्वाचे ठरते. जबलपुरात काही गोष्टी निश्चित उभ्या राहिल्या. नागपूर रस्त्यावरील राष्ट्रीय जनजाती आरोग्य संशोधन संस्था मुळात आदिवासींच्या आजारांच्या अभ्यासासाठी; तिची प्रयोगशाळा भोपाळच्या एम्सबरोबर राज्यातील पहिल्या दोन तपासणी केंद्रांपैकी एक झाली. नेताजी सुभाषचंद्र बोस वैद्यकीय महाविद्यालयाने मुख्य भार उचलला. आयुध निर्माणी मंडळाने देशभरातील दहा रुग्णालयांत मिळून २८० विलगीकरण खाटा ठेवल्या, त्यांपैकी ४० जबलपूरच्या व्हेईकल फॅक्टरीच्या. एप्रिल २०२१ मध्ये संरक्षण मंत्रालयाने दिलेल्या माहितीनुसार देशातील ३९ कॅन्टोन्मेंट बोर्डांची मिळून ४० रुग्णालये व १,२४० खाटा होत्या. पुणे, खडकी व देवळाली येथील ३०४ खाटा पूर्णपणे कोरोनासाठी राखल्या होत्या. छावण्यांची एकूण वस्ती मात्र वीस लाखांच्या घरात. दीडशे वर्षे आरोग्याच्या नावाने नियमन झालेल्या वस्त्यांत सुमारे १,७०० माणसांमागे बोर्डाची एक खाट, हा हिशेब बोलका आहे.

खाटेपेक्षाही निकडीचा प्रश्न प्राणवायूचा. एका मोठ्या सिलिंडरमध्ये सुमारे सात हजार लिटर वायू मावतो. मिनिटाला दहा लिटर लागणाऱ्या रुग्णाला तो साडेअकरा तास पुरतो. साठ लिटर लागू लागले की दोन तासही पुरत नाही. म्हणून मोठ्या रुग्णालयाला द्रवरूप प्राणवायू हवा. तो उणे १८३ अंशांखाली ठेवणारे खास टँकर लागतात आणि तो बनतो प्रामुख्याने पोलाद कारखान्यांच्या परिसरात. मध्यप्रदेश याबाबतीत परावलंबी होता; राज्याचा बराच पुरवठा नागपूरच्या कारखान्यातून येई. सप्टेंबर २०२० मध्ये महाराष्ट्रात पहिली लाट शिगेला पोहोचली तेव्हा तेथील शासनाने प्राणवायू आधी राज्यातील रुग्णालयांना देण्याचा आदेश काढला आणि मध्यप्रदेशाचा पुरवठा अडचणीत आला. शिवराजसिंहांनी उद्धव ठाकरे यांच्याशी दूरध्वनीवर बोलणे केले. पाठोपाठ केंद्राने राज्यांना कळवले की प्राणवायूच्या आंतरराज्य वाहतुकीवर बंधने घालू नयेत.

आपण बाहेर राहणारे मराठी लोक दोन्ही बाजूंनी या बातम्या वाचत होतो. भाऊ नागपुरात, आई जबलपुरात, अशी कुटुंबे थोडी नाहीत. महाराष्ट्राचा आदेश निष्ठुर होता असे मी म्हणणार नाही. आपल्या दारातील रुग्ण आधी, हे कोणत्याही शासनाचे स्वाभाविक वर्तन. धान्याच्या टंचाईत प्रांतांनी हेच केले होते. चूक असेल तर ती एका राज्याची नव्हे. टंचाईच्या वस्तूचे वाटप कोण करणार हे टंचाईआधी ठरवून न ठेवण्याची आहे. त्याच सप्टेंबरात होशंगाबाद, म्हणजे आताच्या नर्मदापुरम, जिल्ह्यात द्रव प्राणवायूचा कारखाना उभारण्याची घोषणा झाली. असा कारखाना उभा राहायला वर्ष-दीड वर्ष लागते. दुसरी लाट सात महिन्यांत आली.

एप्रिल २०२१ मध्ये निर्बंधांचे नाव बदलले. मध्यप्रदेशात त्याला 'कोरोना कर्फ्यू' म्हणत आणि तो जिल्ह्याजिल्ह्याने ठरे. कागद या वेळीही वेळेवर निघाले. २२ व २३ एप्रिलच्या दरम्यानच्या रात्री शहरातील एका खाजगी रुग्णालयात प्राणवायू संपल्याने पाच रुग्ण दगावले. अंत्यसंस्कारांसाठी चौहानी स्मशानात रांगा लागल्या. मे महिन्यात बनावट रेमडेसिविरचे प्रकरण उघडकीस आले. गुजरातेत ग्लुकोज व मीठ भरलेल्या कुप्या जबलपूर-इंदूरपर्यंत पोहोचल्या होत्या. किंमत बांधलेली, पुरवठा तोकडा, आणि मागणी मरणाच्या दारातली: काळ्या बाजाराला याहून सुपीक जमीन नसते. आश्चर्य फसवणुकीचे नाही. ते औषध मृत्यू टाळते याचा ठोस पुरावा नसताना त्यासाठी नातेवाईक रात्ररात्र धावत राहिले आणि त्यांना थांबवणारा आवाज पुरेसा मोठा नव्हता, याचे आहे.

याच काळात सदरपासून जवळच असलेल्या उच्च न्यायालयात वेगळेच काही घडत होते. जून २०२० मध्ये शाजापूरच्या एका रुग्णालयात बिल न भरल्यामुळे वृद्ध रुग्णाला खाटेला बांधून ठेवल्याची बातमी आली आणि न्यायालयाने स्वतःहून तिची दखल घेतली होती. १९ एप्रिल २०२१ च्या सविस्तर आदेशात त्याच प्रकरणाचा विस्तार होऊन खाटा, प्राणवायू व औषधे यांच्या उपलब्धतेबद्दल शासनाला निर्देश देण्यात आले. आरोग्याचा हक्क जगण्याच्या हक्कातच येतो, हा त्यामागचा आधार. १८९७ च्या कायद्यात जे नव्हते ते अशा रीतीने संविधानाच्या कलम २१ मधून शोधून काढावे लागले.

२८ एप्रिल २०२१ रोजी बोकारोहून मध्यप्रदेशासाठी पहिली प्राणवायू गाडी आली. सहा टँकर, सुमारे ६४ टन. भरलेले टँकर विमानाने नेता येत नाहीत म्हणून ते रेल्वेच्या सपाट वाघिणींवर चढवून आणले होते. जबलपूरचा वाटा उतरला भेडाघाट स्थानकावर. धुवांधार आणि संगमरवरी खडक पाहण्यासाठी महाराष्ट्रातून येणारी पाहुणेमंडळी ज्या गावी जातात, तेच हे भेडाघाट. तेथून टँकर रस्त्याने शहराकडे गेले.

हिशेबाचा शेवटचा भाग फार उशिरा हाती आला. २०२१ ची नागरी नोंदणीची आकडेवारी मे २०२५ मध्ये प्रसिद्ध झाली. २०२० मध्ये देशात सुमारे ८१ लाख मृत्यू नोंदले गेले होते. २०२१ मध्ये सुमारे १ कोटी २ लाख. कोरोनाचे अधिकृत मृत्यू २०२१ अखेरपर्यंत ४ लाख ८१ हजारांच्या आसपास होते. या फरकात नोंदणी सुधारल्याचा वाटा किती व साथीचा किती, यावर वाद चालूच राहील. दरम्यान १ जुलै २०२४ पासून नवी संहिता लागू झाली आणि कलम १४४ चे १६३ झाले. साथरोग कायद्यात २०२० मध्ये आरोग्यसेवकांवरील हल्ल्यांविरुद्ध कडक तरतूद आली, आणि ती यायलाच हवी होती. रुग्णालयाचा उल्लेख त्यात आजही आहे तो विलगीकरणाची जागा म्हणून.